‘घालून दाखवा ना’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

पत्र : नमस्कार. मी कोथरूडला राहते. दिवाळीपासून घरातले जुने पण चांगले कपडे ऑनलाइन विकते आहे. माझे कुर्ते आणि ब्लाउज, शिवाय सासूबाईंच्या साड्या. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. विक्री बरी होते, पण गिऱ्हाइकांच्या मागण्यांनी डोकं उठतं. ‘घालून फोटो पाठवा’, ‘तुमची छाती-कंबर किती’, ‘न धुता पाठवाल का, जास्त पैसे देतो’, ‘पैठणीचा धागा जाळून दाखवा’, ‘साड्या गेलेल्या बाईंच्या तर नाहीत ना?’ एकाने तर पैसे देतो म्हणून मलाच क्यूआर कोड पाठवला. आणि आता एक सुती अनारकली ‘बसला नाही’ म्हणून परत आलाय, बाहीवर हळदीचा डाग घेऊन. मी ‘बसला नाही तर परत’ असं लिहिलं होतं. नाही म्हटलं तर वाईट शेरा मिळेल ही भीती, हो म्हणावं तर मन मानत नाही. काय करू? — एक वाचक

उत्तर : या सगळ्या मागण्यांना तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलंय, घोळ तिथेच आहे. पैठणीचा धागा मागणारी बाई आणि न धुतलेला कुर्ता मागणारा माणूस एका माळेचे मणी नव्हेत. तिला कापड पारखायचंय, त्याला कापडाशी काही देणंघेणं नाही. मागणी आली की आधी एवढंच बघा, प्रश्न कापडाचा आहे की अंगाचा? कापडाचा असेल तर तो कितीही आडवळणाने आलेला असो, पुरतं उत्तर द्या. अंगाचा असेल तर नकार द्या आणि कारण देत बसू नका. कारण दिलं की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. काही मागण्या मधल्या असतात, त्यांना अंगाकडून कापडाकडे वळवता येतं. ‘घालून दाखवा’ ही त्यातलीच.

हे म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच जणींना खरोखर एवढंच हवं असतं की कपडा कसा पडतो, उंची कुठवर येते, कापड पारदर्शक आहे का. या तिन्हींची उत्तरं तुमच्या अंगाशिवाय देता येतात. कुर्ता हँगरवर अडकवून खिडकीपाशी लावा. वेळ सकाळची, ऊन थेट कपड्यावर नको, आणि घरातला पिवळा दिवा बंद, नाहीतर मोरपंखी हिरवा दिसतो आणि मग ‘फोटोत वेगळा होता’ म्हणून परत येतो. समोरून एक, मागून एक, गळ्याचा जवळून एक, आतल्या शिवणीचा एक. पारदर्शकपणा दाखवायचा तर आत हात घालून बोटं दिसतात का त्याचा फोटो काढा, शंभर शब्दांचं काम होतं. कापड कसं पडतं हे दाखवायला दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ पुरतो. हँगर हातात धरून हलकेच फिरवायचा, मग घेर एका हाताने उचलून सोडायचा. साडी असेल तर पाच-सहा निऱ्या घालून दाराच्या फळीवर टाका, पदर वेगळा पसरा.

उत्तर असं पाठवा : ‘घालून फोटो देत नाही. हँगरवरचा व्हिडिओ आणि मापं पाठवली आहेत. आणखी कुठल्या भागाचा फोटो हवा असेल तर सांगा.’ जिला कुर्ता हवाय ती इथे ‘बाहीचा घेर किती’ असं काहीतरी विचारते. ज्याला दुसरंच काही हवंय तो म्हणतो, ‘नाही, तुम्हीच घालून दाखवा, प्लीज.’ संभाषण तिथेच संपवा.

स्वतःहून घालून फोटो टाकायला हरकत नाही, कित्येक जणी टाकतात आणि कपडा लवकर विकला जातो. पण मग गळ्याखालून गुडघ्यापर्यंतच कापा, आरशातलं प्रतिबिंब तपासा, मागे खिडकीतून सोसायटीची पाटी दिसत नाही ना ते बघा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाची नोंद बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती नोंद त्याच्याबरोबर जाऊ शकते. आणि असे फोटो जाहिरातीत सगळ्यांसाठी असावेत, एकट्याच्या मागणीवरून त्याच्यासाठी काढलेले नसावेत.

आता मापं. खरं सांगायचं तर अवघड प्रश्नांपैकी निम्मे अपुऱ्या जाहिरातीतून उगवतात. ‘साइज एम’ लिहिलं की कोणीतरी ‘तुमची छाती किती’ विचारणारच, आणि त्यातल्या निम्म्या जणी अगदी भाबडेपणाने विचारत असतात. कपडा फरशीवर पसरा, बटणं आणि चेन लावा, हाताने सुरकुत्या काढा पण ताणू नका. छातीसाठी एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा आणि आकडा दुप्पट करा. १९ इंच आले तर छाती ३८. खांदा मागच्या बाजूने शिवणीपासून शिवणीपर्यंत, उंची गळ्याजवळच्या खांद्याच्या टोकापासून खाली, मग बाहीची लांबी, दंडापाशी बाहीचा घेर, मुंढा (म्हणजे बाही जोडतात तिथला घेर), कंबर. कुर्ता असेल तर कट कुठून सुरू होतो तेही. आणि वर ठळक लिहा : ‘ही कपड्याची मापं आहेत, अंगाची नाहीत.’ न ताणणारा सुती कुर्ता अंगापेक्षा दोन ते चार इंच सैल लागतो. म्हणजे ३८ चा कुर्ता ३४ ते ३६ च्या अंगाला. हे न लिहिल्यामुळे ‘मी पण ३८ च आहे, मग बसला का नाही’ हे भांडण होतं.

एवढं लिहूनही कोणी तुमचं माप विचारलं तर हे पाठवा : ‘माझं माप तुमच्या उपयोगाचं नाही. तुम्हाला नीट बसणारा एक कुर्ता फरशीवर पसरून मोजा आणि वरच्या आकड्यांशी ताडून बघा.’ हे टाळाटाळीचं उत्तर नाही, मोजायची हीच बरोबर पद्धत आहे. दोघींची छाती सारखी असली तरी खांदे आणि दंड सारखे नसतात.

ब्लाउजचा प्रकार वेगळा. तिथे खरा प्रश्न असतो ‘माया किती आहे?’ ब्लाउज उलटा करून बाजूच्या शिवणीत किती कापड दुमडलंय ते मोजून फोटोसकट लिहा. दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन भाग, म्हणजे प्रत्येक भागातून अर्धा इंच सोडला की घेर दोन इंचांनी वाढतो. मात्र जुनी टीप उसवली की रेशमावर आणि टिश्यूवर सुईची भोकं ओळीने दिसतात, आणि आत दडलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघतं. ते आधीच सांगा. काखेत घामाचा डाग असेल तर त्याचा फोटो द्या, अस्तरावर असला तरी.

न धुतलेला कपडा, वापरलेली अंतर्वस्त्रं, मोजे, ‘काल दिवसभर घातलेला’ कुर्ता. या मागणीत कापडाचा प्रश्न नाही, त्यामुळे तुम्हीही गोंधळून जायचं कारण नाही. जास्त पैशांची लालूच हा याच मागणीचा भाग असतो. एकदाच लिहा : ‘सगळे कपडे धुऊन, इस्त्री करूनच जातात.’ ‘सॉरी’ नको, हसरा चेहरा नको. पुन्हा विचारलं तर उत्तर नाही. पण ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर किंवा प्रोफाइल, तारीख आणि वेळ दिसायला हवी. समोरचा आपले मेसेज दोन्हीकडून पुसू शकतो, आणि मग तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही. मग आधी तक्रार, नंतर ब्लॉक. अंतर्वस्त्रं, स्टॉकिंग, पोहण्याचे कपडे मुळात विक्रीला ठेवूच नका, अगदी लेबल लागलेले असले तरी. असल्या लोकांचा शोध तिथूनच सुरू होतो.

तोच माणूस दुसऱ्या खात्यावरून परत आला, घाणेरडं लिहू लागला किंवा फोटो पाठवू लागला तर हा ‘विचित्र गिऱ्हाईक’ राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७५ हे लैंगिक छळाचं आहे, त्यात अश्लील शेरे आणि शरीरसुखाची मागणी येते. कलम ७८ पाठलागाचं. बाईने नको म्हणून स्पष्ट सांगितल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क करणं त्यात बसतं, ऑनलाइनसुद्धा. म्हणून ‘यापुढे मला मेसेज करू नका’ हे एक वाक्य लिहून ठेवणं महत्त्वाचं, ते पुढे पुरावा ठरतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. तो दारात येऊन उभा राहिला तर ११२.

सासूबाईंच्या साड्यांबद्दलचा प्रश्न तुम्हाला लागला असणार, ते साहजिक आहे. पण विचारणाऱ्या बाईंच्या जागी उभं राहून बघा. अनेक घरांत गेलेल्या माणसाचं वस्त्र परक्याने शुभकार्यात नेसत नाहीत, तर अनेक घरांत आजीची साडी नातीच्या लग्नात मुद्दाम काढतात. साडी नेसणारीला आपलं काय ते ठरवायचा हक्क आहे, आणि त्यासाठी तिला माहिती लागते. तेव्हा खरं सांगा. ‘या साड्या माझ्या सासूबाईंच्या. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. साड्या ड्रायक्लीन केलेल्या आहेत.’ एवढंच. कशाने गेल्या, हे कोणी विचारलं तर सांगायला तुम्ही बांधील नाही. काही जणी मागे सरतील, सरू द्या. खोटं बोलून विकलेली साडी नंतर कुठून तरी कळलं म्हणून परत आली तर ते निस्तरणं जास्त जड जाईल. जाहिरातीतच ‘सासूबाईंच्या संग्रहातल्या, सुमारे अमुक वर्षं जुन्या’ असं लिहिलं तर पुष्कळदा प्रश्न येण्याआधीच निवड होते. आणि हो, ‘आडनाव काय, तुम्ही कोण?’ हा प्रश्न साडीच्या वाटेने येत असला तरी साडीचा नाही. ‘साडीबद्दल काही विचारायचं असेल तर सांगा’, बास.

पैठणीचा धागा जाळून दाखवा, ही मागणी मात्र रास्त आहे. हजारोंचा व्यवहार, समोर फक्त फोटो, आणि बाजारात सेमी-पैठणीचा सुळसुळाट. आधी साडी उलटी करून पदराचे आणि काठाचे जवळून फोटो द्या. येवल्यात किंवा पैठणला हातमागावर विणलेल्या पैठणीत मोर-पोपट वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवून भरतात. त्यामुळे मागची बाजू जवळजवळ पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. मागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती हाताने भरलेली नक्षी नव्हे. हा एक फोटो ज्याला कळतं त्याला पुरतो.

तरी धागा हवाच असेल तर पदराच्या मोकळ्या टोकाचा घ्या, अंगातून ओढू नका. एक इंच पुष्कळ झाला. शक्य असेल तर एक उभा आणि एक आडवा, कारण ताणा एक आणि बाणा दुसरा अशी मिसळ असू शकते. स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून पेटवा आणि व्हिडिओ काढा. रेशीम हळूहळू जळतं, ज्योत बाजूला केली की विझू लागतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जरीबद्दल मात्र पावती नसेल तर ‘अस्सल चांदीची’ असं लिहू नका. ‘जरी तपासून घेतलेली नाही’ लिहा. आणि साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेघा बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम तिथेच विरतं, आणि पहिल्यांदा नेसतानाच फाटतं. ते दिसत असेल तर फोटो आणि किंमत दोन्ही त्याप्रमाणे. लांबीही मोजून लिहा. साधारण साडेपाच मीटर आणि पाऊण-एक मीटरचा ब्लाउजपीस, पण जुन्या साड्यांचा ब्लाउजपीस बहुतेक वेळा कापलेला असतो. ‘यातून नऊवारी होईल का’ असं विचारणारी भेटेलच. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, तेव्हा नाही.

‘घरी येऊन बघते’ हीसुद्धा पैठणीपुरती रास्त मागणी आहे, फक्त घर तुमचं नको. ओळखीच्या फॉल-पिकोवाल्याचं दुकान यासाठी उत्तम. मोठा काउंटर असतो, उजेड असतो, टेप असते आणि तिसरं माणूस असतं. कुर्त्यासारख्या किरकोळ मालाला नळ स्टॉप किंवा आनंदनगर मेट्रो स्टेशन, तिकिटाच्या गेटच्या अलीकडे, दिवसाउजेडी. पार्सल नेणारा मुलगा बोलावलात तर पत्त्यात फ्लॅट क्रमांक न घालता सोसायटीचं गेट किंवा कोपऱ्यावरचं दुकान द्या.

क्यूआरची गोष्ट ठरलेल्या चालीची असते. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, कपड्याचं माप विचारत नाही, लगेच पूर्ण पैसे देतो म्हणतं. बरेचदा ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, माझा माणूस माल न्यायला येईल.’ पुण्यात कॅम्प आणि खडकी असल्याने ते पटकन खरंही वाटतं. मग कोड येतो, ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ यूपीआयचा पिन पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीला पैशांची मागणी पाठवायची सोय बंद झाली आहे, पण कोड स्कॅन करून पिन टाकण्याचा सापळा तसाच आहे. दुसरी चाल म्हणजे ‘चुकून जास्त गेले, परत पाठवा’, सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस किंवा स्क्रीनशॉट. पैसे आले की नाही हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये खात्याचा उतारा उघडून बघायचं, बाकी कशावर विसंबायचं नाही. तुमचा यूपीआय आयडी म्हणजे तुमचा मोबाइल नंबरच असेल तर विक्रीसाठी नंबर नसलेला वेगळा आयडी करून घ्या. नाव मात्र दिसणारच. पैसे गेलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी थांबण्याची शक्यता जास्त.

‘लास्ट प्राइस?’ आणि ‘पगार झाल्यावर घेते, ठेवून द्या’ याला फार शब्द घालवू नका. भाव एकदा सांगायचा, एकदा उतरायचा, संपलं. बोहारणीशी घासाघीस करण्यात ज्यांच्या आयांचं बालपण गेलं त्या समाजात हे चालायचंच, मनाला लावून घेऊ नका. राखून ठेवायचा तर वीस टक्के आगाऊ, मुदत दोन दिवस, न घेतल्यास आगाऊ रक्कम परत नाही, हे आधी लिहून.

या सगळ्या अटी जाहिरातीखाली चार ओळींत लिहा. पुणेरी पाटीचा नेमकेपणा घ्या, टोमणा घेऊ नका. ‘धुऊन, इस्त्री करून पाठवते. घातलेले फोटो मिळणार नाहीत. सगळी मापं कपड्याची, वर दिली आहेत. तक्रार चोवीस तासांत, पार्सल उघडतानाच्या व्हिडिओसह.’ वाईट शेऱ्याची भीती याने निम्मी कमी होते. शेरा आलाच तर खाली तेवढंच लिहायचं, ‘ही अट जाहिरातीत होती.’ पुढचं गिऱ्हाईक ते वाचतं आणि काय समजायचं ते समजतं.

आता अनारकली. ‘बसला नाही तर परत’ हे लिहून तुम्ही दार सताड उघडं ठेवलंत, कारण किती दिवसांत आणि कोणत्या अवस्थेत हे लिहिलं नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की हळदीपुरता कपडा घेऊन परत करणाऱ्या निघतातच. पाठवण्याआधीचा, त्या बाहीचा स्वच्छ फोटो तुमच्याकडे असेल तर दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवा : ‘पाठवताना असा होता, परत आला तो असा. वापरलेला कपडा परत घेता येणार नाही. पुन्हा पाठवायचा खर्च मी करते.’ फोटो नसेल तर तुमची बाजू लंगडी आहे. अर्धे पैसे देऊन विषय मिटवा आणि त्या बाईंना ब्लॉक करा. पुढच्या वेळी पॅक करण्याआधी गळा, दोन्ही काखा, दोन्ही बाह्या, पुढचा आणि मागचा घेर यांचे फोटो काढून ठेवा. खांद्यावर, बाहेरच्या बाजूला, दिसेल अशी रंगीत फीत कच्च्या टाक्यांनी जोडा आणि चिठ्ठी ठेवा, ‘फीत काढली तर परत घेतला जाणार नाही.’ घरात घालून बघता येतं, लग्नात मिरवता येत नाही. कोणाला खरंच एका दिवसासाठी हवा असेल तर तसं सांगू द्या. विक्रीच्या किमतीएवढी अनामत घेऊन भाड्याने द्यायला काय हरकत आहे?

डाग हळदीचाच आहे याची खात्री करायची तर एका टोकाला साबणाचं पाणी लावा. लालसर झाला की हळद. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणामुळे. घाबरू नका, साबण धुऊन निघाला की तो पुन्हा पिवळा होतो. पण आधी फोटो काढा. मग गार पाण्यात धुऊन, ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीनदा भिजवून वाळवलं की सुती कापडावरचा बहुतेक जातो. अनारकली गडद रंगाचा असेल तर त्याचा स्वतःचा रंगही उन्हाने थोडा उतरेल, तेव्हा बाहीचा तेवढाच भाग उन्हात येईल असा टाका, बाकीच्यावर जुनी चादर.